पाडण्याआधी नोंद करा, विकण्याआधी वाचा: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
यांस स. न. वि. वि.

जुलैमधल्या सभेत आपण वाचनालयाचा दर्शनी भाग पाडून रस्त्याला लागून गाळे काढायचा ठराव केलात. त्याच सुमारास मागच्या खोलीतली दोन कपाटं मोकळी केलीत आणि आतले कागद भंगारवाल्याला किलोवर दिलेत. पहिली गोष्ट अजून थांबवता येईल. दुसरी निम्मी होऊन गेली आहे. दोन्हींबद्दल मला सगळ्या सभासदांच्या देखत बोलायचं आहे, म्हणून पत्र आपल्या टपालात न टाकता उघडपणे लिहितो आहे.

गावाचं आणि वाचनालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. माझं भांडण माणसांशी नाही. मंडळातल्या बहुतेकांना मी लहानपणापासून ओळखतो. अनुदान रखडलं तेव्हा पदरमोड करून संस्थेचं वीजबिल भरलेले लोक तुमच्यात आहेत. शिवाय या किनाऱ्यावर शंभरी ओलांडलेली वाचनालयं बरीच आहेत आणि रस्त्यालगतच्या जागेला भाव आलेला आहे. आज आपल्याकडे झालेला ठराव उद्या त्यांच्याकडेही येईल. त्यांनीही हे वाचावं.

मी आपला आजीव सभासद आहे. बाजारपेठेतला आमचा फोटो स्टुडिओ वडिलांपासून चालत आलेला, तो मी सांभाळतो, आणि उरलेल्या वेळात एक छंद करतो: जुन्या वाचनालयांच्या इमारतींची चित्रकार्डं जमवणं. देवळं, किल्ले, राजवाडे यांच्या कार्डांना गिऱ्हाईक पुष्कळ. वाचनालयाचं कार्ड दिसलं की दुकानदार ते माझ्यासाठी बाजूला काढतात. हा छंद नसता तर आपला ठराव वाचून मीही मान डोलावली असती, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

साधं पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी आलं, पाव आण्याला. चित्राची कार्डं त्यानंतर वीसेक वर्षांनी सगळीकडे पसरली. सुरुवातीला कार्डाची मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी असे. खुशाली लिहायची ती चित्राच्या कडेला सोडलेल्या पांढऱ्या पट्टीत. १९०२ साली इंग्लंडच्या टपाल खात्यानं मागच्या बाजूवर मधोमध रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला मोकळी केली, मग एकेका देशानं तेच केलं. अमेरिकेत ती सोय १९०७ च्या मार्चपासून झाली. त्यामुळे मागे रेघ आहे की नाही एवढ्यावरूनही कार्डाचं वय ढोबळमानानं सांगता येतं.

त्याच काळात जगभर वाचनालयांच्या इमारती उभ्या राहत होत्या. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात अडीच हजारांहून जास्त वाचनालयं बांधली गेली, त्यातली बहुतांश अमेरिकेत. इमारत पुरी झाली की गावातला औषधवाला किंवा स्टेशनरीवाला लगेच तिचं कार्ड छापून घ्यायचा. जिथे धड रस्ते नव्हते अशा गावांनीही आपल्या वाचनालयाचं चित्र पाहुण्यांना विकलं, नातेवाइकांना धाडलं. माझ्याकडच्या कार्डांत न्यूयॉर्कच्या १९११ साली उघडलेल्या भव्य वाचनालयाची आहेत तशी एका खोलीच्या, कौलारू, समोर चिखल असलेल्या वाचनालयांचीही आहेत. गावाला अभिमान वाटत होता तो दोन्हींत सारखाच दिसतो.

बेल्जियममधल्या लूव्हाँच्या विद्यापीठ ग्रंथालयाची कार्डं मी वेगळ्या पाकिटात ठेवतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्यानं ते जाळलं, सुमारे तीन लाख ग्रंथ गेले. आगीनंतर उघड्या पडलेल्या भिंतींची कार्डं ढिगानं छापली गेली, ती आजही स्वस्तात मिळतात. त्यापूर्वीचा शाबूत वाचनकक्ष दाखवणारं कार्ड मात्र फार शोधावं लागतं. नवी इमारत १९२८ साली उभी राहिली, ती १९४० च्या मे महिन्यात पुन्हा जळाली. एकाच संस्थेची दोनदा राख झाली, आणि पहिल्या इमारतीचं आतलं लाकूडकाम कसं होतं हे बघायचं तर आता चित्रांकडेच वळावं लागतं. इमारत उभी असताना कुणीतरी कॅमेरा लावला, म्हणून तेवढं तरी उरलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या टाउन हॉलची, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीची, कार्डं मुबलक. पायऱ्यांपाशी उभ्या घोडागाड्या, खाली ‘एल्फिन्स्टन सर्कल’ अशी छापील ओळ. चौकाला हॉर्निमन यांचं नाव मिळण्याआधीची ही कार्डं. डेव्हिड ससून लायब्ररीची १८७० सालची इमारतही बऱ्याच कार्डांवर सापडते. यातली पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून यायची आणि रंगही तिथेच भरले जायचे, त्यामुळे मुंबईच्या इमारतीमागे युरोपातलं फिकट आभाळ दिसतं. रंगावर विसंबू नये, पण खिडक्या, खांब, पाट्या यांवर खुशाल विसंबावं, कारण त्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या आहेत.

आणि कोकण? रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. मुंबईच्या टाउन हॉलचं बांधकाम १८३३ साली पुरं झालं, म्हणजे रत्नागिरीत त्याच्या पाच वर्षं आधीपासून वाचनालय होतं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. एवढ्या जुन्या परंपरेच्या जुन्या इमारतींचं एकही छापील चित्रकार्ड मला आजवर बाजारात मिळालेलं नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कार्डं छापणाऱ्या कंपन्या गोऱ्या प्रवाशांसाठी छापायच्या, आणि ते प्रवासी आपल्या बाजूला फिरकत नसत. इथे यायचं तर बोटीनं, तीही पावसाळ्यात बंद. आपली वाचनालयं कुणा एका धनिकानं बांधलेली नव्हती की त्यानं नाव गाजवायला कार्ड छापावं. चार-चार आणे वर्गणीच्या इमारती त्या. चित्र कोण काढणार?

म्हणून आपल्या वाचनालयाचं जे एक कार्ड माझ्याकडे आहे त्याचं मोल मी पैशांत करत नाही. मुंबईत चोर बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे ते मिळालं. गिरगावातल्या एका चाळीच्या पत्त्यावर गेलेलं आहे. तिकीट पंचम जॉर्जचं, पाव आण्याचं; १९२२ साली कार्डाचा दर अर्धा आणा झाला, म्हणजे हे त्याच्या आधीचं. छापील कार्ड भिंगाखाली धरलं की बारीक ठिपके दिसतात. या कार्डावर ठिपका नाही. काचेच्या निगेटिव्हवरून थेट फोटोच्या कागदावर काढलेली ही प्रत आहे, आणि तिरप्या उजेडात धरली की काळ्या भागांवर जुन्या कागदाची चंदेरी झाक येते. कुण्या फोटोग्राफरनं बहुधा मोजक्याच प्रती काढल्या असाव्यात.

या कार्डात काय दिसतं ते ऐका, कारण आपण जे पाडणार आहात तेच हे आहे. ओटीचे चारही खांब उघड्या चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, सांधे चुन्यानं भरलेले. आपण त्यांना नंतर सिमेंटचा गिलावा करून गुलाबी रंग दिलात ते हे खांब. खिडक्यांना खडखडीची दारं. छपरावर मंगलोरी कौलं, कडेला नुकतीच शाकारणी झाल्यासारखी सरळ ओळ. ओटीवर लांब बाक, त्यावर वाचत बसलेले तीन जण. पायरीवर एक मुलगा आहे, त्याचे पाय स्पष्ट आहेत आणि चेहरा हललेला, कारण तेव्हा कॅमेऱ्याला जास्त वेळ लागायचा आणि तो काही तेवढा वेळ स्थिर राहिला नाही.

मुख्य दाराच्या डोक्यावर भिंतीत बसवलेली एक लांबट शिळा आहे. आज तिथे काय आहे ते आपण सगळे रोज बघतो: लोखंडी चौकट आणि तिच्यावर फ्लेक्स. मी ते कार्ड बाराशे डीपीआयवर स्कॅन करून मोठं केलं. शिळेवरची वरची ओळ बालबोध अक्षरांत आहे आणि ‘सार्वजनिक वर्गणीतून’ एवढं नक्की वाचता येतं. त्याखाली बारीक अक्षरांच्या ओळी आहेत. त्या नावांच्या असाव्यात असं त्यांच्या मांडणीवरून दिसतं. वाचता येत नाहीत. फ्लेक्सच्या चौकटीमागे गिलाव्याचा फुगवटा आहे तो बरोबर त्याच मापाचा आहे. शिळा काढून नेल्याचं कुणा जुन्या सभासदाला आठवत नाही. माझी खात्री आहे की ती अजून तिथेच, गिलाव्याखाली आहे. जी भिंत जेसीबीनं पाडायचं आपण ठरवलं आहे तिच्यात ती आहे.

हे मी आपल्याला तोंडी सांगितलं, कार्डाची मोठी केलेली प्रत कार्यालयात आणून दिली. ती प्रत सभेपुढे ठेवली गेली नाही. ही माझी पहिली तक्रार. एवढी गोष्ट हाती असताना मंडळानं ती सभासदांना दाखवायला हवी होती. त्यानंतर त्यांनी काय ठरवलं असतं ते त्यांच्यावर सोडायला मी तयार होतो, आजही आहे.

दुसरी तक्रार सभेबद्दल. इमारतीचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली आला. बाहेर धो धो पाऊस, परशुराम घाटातून गाड्या सुटतात की नाही याची खात्री नाही, अशा दिवशी सभा होती. मुंबई-ठाण्याला असलेले आजीव सभासद येणं शक्यच नव्हतं. शंभर वर्षांहून जुन्या इमारतीचा निर्णय हजेरीपत्रकावरच्या मूठभर सह्यांवर झाला. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरवता येते हे मलाही माहीत आहे. नियमात बसतं म्हणून एवढा मोठा विषय तसा उरकावा का, हा माझा प्रश्न आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त लागलेली आहे, ती कपाटांची.

मागच्या खोलीतले कागद पुस्तकं नव्हती, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक नव्हता, त्यामुळे निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, रीतसर प्रक्रिया करायचं कारण नव्हतं, असं कार्यालयातून मला सांगण्यात आलं. फाटक्या कादंबरीला दाखल क्रमांक असतो, म्हणून ती काढून टाकायची तर यादी करावी लागते, मंडळाचा ठराव लागतो. आणि संस्थेची जुनी इतिवृत्तं, वर्गणीची पुस्तकं, आलेली पत्रं यांना क्रमांक नाही म्हणून ती एका दुपारी हातगाडीवरून जातात. कपाटं उघडल्यावर आत काय आहे ते कुणीतरी बसून बघायला हवं होतं. एक दिवस लागला असता.

गावातल्या भंगारवाल्याला माझा छंद माहीत आहे. त्यानं निरोप धाडला म्हणून मी गेलो. तोवर काही गठ्ठे ट्रकमध्ये चढून गेले होते. जे उरले ते मी वजनाच्या भावानं उचलून आणले. त्यात वर्गणीच्या दोन वह्या आहेत, एका इतिवृत्ताच्या वहीची वाळवीनं खाल्लेली सुरुवातीची पानं आहेत, आणि पुठ्ठ्याच्या एका पाकिटात चित्रकार्डं आहेत.

त्यातल्या एका कार्डाबद्दल सांगतो. कार्ड लिव्हरपूलचं आहे. चित्रात पिक्टन रीडिंग रूम, १८७९ साली उघडलेली ती गोल इमारत, समोर खांबांची अर्धवर्तुळाकार रांग. पत्ता इंग्रजीत: सेक्रेटरी, आपलं वाचनालय, आपलं गाव, जिल्हा रत्नागिरी. मजकूर मराठीत, शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेला, ओल लागून अक्षरं जांभळी पसरलेली. लिहिणारा बोटीवर नोकरीला होता. आपल्या किनाऱ्यावरची किती मुलं खलाशी म्हणून, भट्टीत कोळसा टाकणारे म्हणून विलायती बोटींवर गेली हे इथल्या वाड्यावाड्यांतून ठाऊक आहे. तो लिहितो की बोट बंदरात आहे, ही इथली लायब्ररी, आत जायला पैसे पडत नाहीत. पुढे विचारतो की आपल्या वाचनालयाची कौलं यंदा पावसाआधी परतली का. आणि आपली वर्गणी घरून घ्यावी, भावाला सांगितलं आहे, असं शेवटी आहे. सही पुसली गेली आहे. वर्गणीच्या वह्यांमधून तो कोण हे कदाचित काढता येईल. मी ते काम सुरू केलं आहे.

लिव्हरपूलच्या बंदरावर उतरल्यावर एका खलाशाला आपल्या गावचं वाचनालय आठवलं, त्यानं वाचनालयाचंच चित्र निवडलं आणि आपल्या कार्यवाहांना धाडलं. तेव्हाच्या कार्यवाहांनी ते जपून पाकिटात ठेवलं. दोन महायुद्धं, पूर, वाळवी यांतून ते टिकलं. १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यांत लिव्हरपूलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा मोठा भाग जळाला, त्यातून ती गोल खोली वाचली. इकडे त्या खोलीचं हे कार्ड आपण किलोवर घातलंत. मंडळी, मला याचं फार वाईट वाटलं आहे.

एक स्पष्ट करतो. हे गठ्ठे मी पैसे देऊन आणले असले तरी मी ते माझे समजत नाही. ते वाचनालयाचे आहेत. त्यातलं एकही कार्ड माझ्या संग्रहात जाणार नाही.

इमारत धोकादायक झाली आहे असं आपलं म्हणणं आहे. छप्पर वाईट आहे हे कबूल. मागच्या बाजूचे वासे किडले आहेत, रिपा बदलायला झाल्या आहेत, पन्हळ फुटून भिंतीवर पाणी येतं. पण भिंती चिऱ्याच्या आहेत, दीड हात जाडीच्या. ओल धरली आहे ती विशेष करून सिमेंटचा गिलावा केला तिथे; चिऱ्याच्या भिंतीला चुना मानवतो कारण आत गेलेली ओल त्यातून बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून धरतं. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं आणि आजही चुन्याचं काम करणारे लोक आहेत. इमारत खरोखर पडायला आली आहे की दुरुस्त होऊ शकते हे ठरवायला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, आणि ते गाळ्यांचं काम मिळणार आहे त्या ठेकेदाराच्या माणसाकडून करून चालणार नाही.

पैशांची अडचण मला समजते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अनुदानाची सोय केली, पण त्या अनुदानात ग्रंथपालांना आणि शिपायांना माणसासारखा पगार देता येत नाही, आणि तेही वेळेवर येत नाही. वर्गणी वाढवली तर सभासद गळतात. गाळ्यांच्या भाड्यातून संस्था तगेल हा आपला हिशेब चुकीचा नाही. गाळे काढूच नका असं मी म्हणत नाही. विहिरीच्या बाजूची, आज जिथे मोटारसायकली लागतात ती मोकळी जागा संस्थेचीच आहे आणि तीही रस्त्याला लागते. तिथे कमी गाळे होतील हे खरं, पण ओटी, दर्शनी भिंत आणि ती शिळा जागेवर राहतील. या पर्यायाचा साधा नकाशासुद्धा काढला गेला नाही.

गाळ्यांबाबत आणखी एक. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अनामत रकमा घेऊन लांब मुदतीचे करार करायची बोलणी सुरू असल्याचं बाजारात ऐकू येतं. ते खरं नसेल तर मंडळानं तसं लेखी सांगावं. खरं असेल तर परवानगीचा अर्ज कुठवर आला आहे ते सांगावं.

चिपळूणचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. त्याआधी २००५ च्या पुराचा फटका होताच. तरी ते वाचन मंदिर पुन्हा उभं राहिलं, आणि जुन्या वस्तू जपणारं संग्रहालयही त्यानं चालवलं आहे. पुरापुढे कुणाचं काही चालत नाही. आपल्याकडे पाणी शिरलेलं नव्हतं. आपण कोरड्या कपाटातले कागद घालवले.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत आणि यातल्या बऱ्याचशा बिनखर्चाच्या आहेत.

१. दर्शनी भागाचं पाडकाम पुढचा निर्णय होईपर्यंत थांबवावं आणि तसं फलकावर लेखी लावावं.

२. गणपतीत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. पाच दिवसांचे गणपती पोचवल्यानंतर, चाकरमानी मुंबईला परतण्याआधी. तेव्हा गावात सगळ्यात जास्त सभासद असतात. विषयपत्रिकेवर हा एकच विषय असावा आणि नोटीस घटनेप्रमाणे आधी प्रत्येकाला पोचावी. मंडळानं सभा बोलावली नाही, तर घटनेत सांगितलेल्या संख्येच्या सह्यांनिशी आम्ही लेखी मागणी करू. सह्या गोळा व्हायला लागल्या आहेत.

३. त्या सभेपूर्वी फ्लेक्सची चौकट उतरवून दारावरचा गिलावा हातानं, छिन्नीनं, जाणत्या गवंड्याकडून सोलून घ्यावा. शिळा निघाली तर तिथेच ठेवावी. या कामाची मजुरी मी देतो.

४. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बाहेरच्या, या कामात कोणताही हितसंबंध नसलेल्या अभियंत्याकडून करावं आणि अहवाल सभेपुढे पूर्ण वाचून दाखवावा. विहिरीच्या बाजूच्या जागेचा पर्यायी नकाशा आणि दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी मांडावा.

५. इमारत ठेवायची ठरो वा न ठरो, तिची पूर्ण नोंद व्हावी: प्रत्येक भिंतीची मोजमापं, आतून-बाहेरून छायाचित्रं, लाकूडकाम, दारं, कपाटं, घड्याळ, पाट्या. छायाचित्रं मी काढून देईन, मोबदला नको. मोजमापांचे आराखडे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील. या सगळ्याची एक प्रत वाचनालयात, एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आणि एक गावाबाहेर सुरक्षित जागी असावी.

६. भंगारातून परत आलेल्या सगळ्या कागदांची यादी करून त्यांना दाखल क्रमांक द्यावेत. मी ते पोच घेऊन परत करायला तयार आहे. पोच मात्र तारखेसह, शिक्क्यासह आणि एकेका वस्तूच्या नोंदीसह हवी. इथून पुढे संस्थेचा कोणताही हस्तलिखित कागद, छायाचित्र किंवा पत्र यादी आणि ठरावाशिवाय बाहेर जाणार नाही, असा नियम करावा.

७. ट्रकमधून गेलेले गठ्ठे कोणत्या कागद कारखान्याकडे किंवा मोठ्या व्यापाऱ्याकडे गेले हे भंगारवाल्यानं मला सांगितलं आहे. मंडळानं आपल्या लेटरहेडवर तिथे तातडीनं पत्र द्यावं. माझ्या शब्दावर ते गठ्ठे सोडणार नाहीत, संस्थेच्या पत्रावर सोडतील. लगदा व्हायच्या आत पत्र गेलं पाहिजे, म्हणून ही मागणी सभेची वाट न बघता या आठवड्यात पुरी करावी.

किनाऱ्यावरच्या इतर वाचनालयांच्या मंडळींना दोन शब्द. आपल्या इमारतीसमोर उभं राहून एक चांगलं छायाचित्र काढून घ्या, सकाळच्या तिरप्या उन्हात, समोरून आणि कोपऱ्यातून. मागे तारीख लिहा, काढणाऱ्याचं नाव लिहा. जमलं तर त्याचं पोस्टकार्ड छापा. शंभर-दोनशे प्रतींना फार खर्च येत नाही, सभासद आनंदानं घेतील आणि गणपतीला आलेली मंडळी मुंबईला नेतील. कुणाच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत आपल्या वाचनालयाचं जुनं कार्ड किंवा फोटो असेल तर तो विकायला काढण्याआधी वाचनालयाला दाखवा. मी स्वतः विकत घेणारा आहे, तरी हेच सांगेन.

आपल्या वाचनालयाचं ते जुनं कार्ड, त्याची मोठी केलेली प्रत आणि लिव्हरपूलचं कार्ड मी येत्या रविवारी सकाळी दहापासून स्टुडिओत मांडून ठेवणार आहे. ज्याला बघायचं त्यानं यावं. अध्यक्षांनी आणि कार्यवाहांनी तर जरूर यावं, मी वाट बघेन. भिंग तिथेच असेल. शिळेवरची वरची ओळ आपण स्वतः वाचा आणि पाडकामाची तारीख मग ठरवा.

कळावे,
आपला,
एक आजीव सभासद